लघवी रोखू नका, दुखणे लपवू नका

भगिनींनो, ताप आला तर आपण घरभर सांगतो. लघवीला जळजळ होते हे मात्र नवऱ्यालाही सांगत नाही. मेडिकलमधून गुपचूप गोळ्या आणवतो, दोन दिवसांत आराम पडला की उरलेल्या डब्यात ठेवतो. महिन्याभरात दुखणे पुन्हा हजर! सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा असे झाले, तर नीट तपासणी करायलाच हवी.

यात लाजण्यासारखे काही नाही. स्त्रीची मूत्रनलिका जेमतेम ४ सेंटिमीटर लांब. आतड्यातले ई. कोलाय जंतू तेवढे अंतर सहज चढतात. लघवीबरोबर ते धुऊन जातात; ती रोखली की वाढतात. आणि आपण तर सर्रास रोखतो. लग्नाच्या हॉलमध्ये, एसटीच्या प्रवासात, एकाच वुजूवर असर आणि मगरीब व्हावी म्हणूनसुद्धा. लघवी दाबून नमाज पढणे दीनलाही पसंत नाही. वुजू पुन्हा करावी, त्यात कसला आळस?

पाणी भरपूर प्यावे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, कमी पाणी पिणाऱ्या स्त्रियांनी रोज दीड लिटर पाणी जादा घेतले, तर वर्षभरात त्यांचा हा त्रास जवळपास निम्म्यावर आला. रमजानमध्ये इफ्तारपासून सहरीपर्यंत थोडे थोडे पीत राहावे. आजारात रोजा सोडून नंतर कजा करण्याची मुभा आहेच.

शौचानंतर पुढून मागे धुवावे. आतल्या भागाला साबण किंवा जंतुनाशक लावू नये. सहवासानंतर लघवी करून यावे. मधुमेह असेल तर साखर ताब्यात ठेवावी. पाळी गेल्यावर त्रास वाढला असेल, तर त्यावर लावायचे औषध मिळते, डॉक्टरांना विचारावे.

गोळ्या सुरू करण्याआधी लघवीची कल्चर तपासणी करावी आणि सांगितलेले दिवस पुरे करावेत. अर्धवट औषधाने जंतू दाद देईनासे होतात. थंडी वाजून ताप, पाठीत बरगडीखाली दुखणे, उलट्या, लघवीत रक्त, यांपैकी काहीही दिसले किंवा गरोदरपणात जळजळ झाली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेला तर जिवावर बेतू शकते.

आणि एक. आपली लेक शाळेतून पाण्याची बाटली भरलेलीच परत आणते का? आज तिला कारण विचारा.