ऑपरेशन करायचं ठरवलंय, मैत्रिणींनो

यंदाच्या दशलक्षणात मी दहाही दिवस एकाशन केलं. क्षमावाणीच्या दिवशी मंदिरात तपस्वींचा सत्कार झाला, त्यात माझंही नाव होतं. शाल घेऊन जागेवर येऊन बसले, तर मागच्या रांगेतून हळू आवाज आला, "एवढं एकाशन करूनबी अशीच दिसते व ही. घरी काय खात असंल?"

जिनं हे म्हटलं तिनं थोड्याच वेळानं हात जोडून मला क्षमाही मागितली. मी दिली. मनात काही ठेवलं नाही, पण तो प्रश्न मात्र घरापर्यंत सोबत आला. हा प्रश्न मला वयाच्या बाराव्या वर्षापासून विचारला जातो आहे. तेव्हा माझ्या बाबांची धान्याची अडत होती. अडतीतल्या पोत्यांच्या काट्यावर मला गंमत म्हणून उभं केलं. साठ किलो. हमाल हसले, बाबाही हसले. आज मी ४४ वर्षांची आहे, वजन १०८ किलो, उंची पाच फुटांपेक्षा बोटभर कमी. मधुमेहाला नऊ वर्षं झाली. रात्री झोपेत श्वास अडतो म्हणून नाकाला मशीन लावून झोपते. मुक्तागिरी आपल्या परतवाड्यापासून अर्ध्या तासाच्या अंतरावर. तिथली ५२ मंदिरं लहानपणी धावत पाहिलेली, आणि गेली सहा वर्षं मी खाली धर्मशाळेत चपला सांभाळत बसते.

तर सरळ सांगते. दिवाळीला निर्वाण लाडू चढवून झाला की पुढच्या आठवड्यात नागपूरला वजन कमी करण्याचं ऑपरेशन करून घेणार आहे. हे मी लपवणार नाही, आणि लपवायचं का नाही तेच आज लिहायला बसले आहे.

घरात सांगितलं तेव्हा सासूबाई पहिल्यांदा म्हणाल्या, "तुले उपास जमतात, एकाशन जमते, मंग पोट काहून कापून घेतं व?" त्यांचा राग नव्हता, भीती होती. पण त्यांच्या बोलण्यात जे होतं तेच आपल्या सगळ्यांच्या मनात असतं. आपल्या समाजात जाड बाई म्हणजे संयम नसलेली बाई. इतर घरांत जाडेपणा नुसता दिसण्याचा विषय असेल. आपल्याकडे तो धर्माचाही होतो, कारण आपला धर्मच जिभेवर ताबा ठेवायला शिकवतो. म्हणून जाड जैन बाईला दुप्पट लाज. मी ती बत्तीस वर्षं वागवली. आता मला वाटतं की या लाजेचा पायाच चुकीचा आहे.

मी किती वेळा वजन कमी केलं ते सांगते. लग्नाआधी नऊ किलो. दुसऱ्या बाळंतपणानंतर अमरावतीच्या आहारतज्ज्ञ बाईंकडे जाऊन १९ किलो, तेही चौदा महिने साखर, तूप, तळलेलं सगळं बंद ठेवून. पुढच्या दोन वर्षांत २३ किलो परत आले. त्या दोन वर्षांत मी काही पुरणपोळ्यांवर ताव मारत नव्हते. पण भूक अशी लागायची की स्वाध्यायात बसले तरी डोळ्यांपुढे भाकरी. मी समजायचे, माझाच कषाय तीव्र आहे.

डॉक्टरांनी जे समजावलं ते कुणी मला वीस वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं. २०११ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी वजन उतरवलेल्या जाड माणसांचं रक्त वर्षभरानंतर पुन्हा तपासलं. भूक वाढवणारी संप्रेरकं वर्षानंतरही चढलेली होती आणि पोट भरल्याची खूण देणारी उतरलेली होती. शरीराला वजन कमी होणं म्हणजे दुष्काळ वाटतो आणि ते गेलेलं परत मिळवायला झटतं. वरून शरीर ऊर्जाही कमी खर्च करू लागतं. संयमानं या भुकेला रोज हरवायचं म्हणजे आयुष्यभर रोज तीच लढाई. कुणाला जमते. बहुतेकांना जमत नाही, आणि त्यात त्यांचा दोष नसतो.

आपल्या स्वयंपाकघराचाही थोडा वाटा आहे, तोही कबूल करू. सूर्यास्त जवळ आला की घाई. सगळ्यांना वाढून झालं की कढईत उरलेलं वरण, दोन पोळ्या, वाटीभर शिरा. रात्री चालणार नाही, सकाळपर्यंत ठेवला तर मर्यादा संपते, टाकला तर जीवहिंसा. मग तो कुठे जातो? घरच्या बाईच्या पोटात. अन्न वाया जाऊ न देणं हा धर्म खरा, पण त्यासाठी आपलं पोट भांड्यासारखं वापरायचं असं कुठे सांगितलंय? अंदाजानं कमी रांधणं हाही अहिंसेचाच भाग आहे. माझ्या सुनेला मी हे पहिल्या दिवशी सांगणार.

आता ऑपरेशन काय ते. दुर्बिणीतून करतात. माझं जे ठरलंय त्याला स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी म्हणतात. जठराचा साधारण तीन-चतुर्थांश किंवा त्याहून थोडा जास्त भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची नळी शिल्लक ठेवतात. भुकेचं घ्रेलिन नावाचं संप्रेरक मुख्यतः त्या काढलेल्या भागात तयार होतं, म्हणून भूकही कमी होते. दुसरा प्रकार बायपास. त्यात आतड्याचा रस्ताच बदलतात. मधुमेहावर तो चांगला, पण त्यात जीवनसत्त्वं आणि लोह शरीरात कमी शोषलं जातं. माझं बी-१२ आधीच तळाला. आपण शाकाहारी, त्यामुळे बी-१२ ची कमतरता आपल्यात घरोघरी असते. म्हणून विचार करून स्लीव्ह.

"शॉर्टकट" हा शब्द मी या महिन्यात इतका ऐकलाय! ज्यांना शॉर्टकट वाटतो त्यांनी पुढचं ऐका. आधी दोन आठवडे जवळजवळ पातळ आहार, कारण यकृत आकसलं पाहिजे. नंतर दोन आठवडे पातळ, मग दोन आठवडे घोटलेलं, मग मऊ. पाणी घोट-घोट, जेवताना अजिबात नाही. रोज साठ ग्रॅमच्या वर प्रथिनं. म्हणजे मूग, पनीर, दही, सोयाबीन मोजून खायचं. गोळ्या आणि रक्ततपासण्या जन्मभर. नीट वागलं नाही तर वजन परत येऊ शकतं. ऑपरेशन भूक कमी करतं, वागणं बदलत नाही. तेव्हा संयम सुटत नाही, उलट त्याला पहिल्यांदा साथ मिळते.

उरला प्रश्न व्रतांचा, आणि मला खरी काळजी त्याचीच होती. बाह्य तपांच्या सहांत अनशन पहिलं आणि अवमौदर्य दुसरं. आपण अनशनाचा सत्कार करतो, अवमौदर्याकडे बघतही नाही. शास्त्रात पुरुषाचा पूर्ण आहार ३२ घास आणि स्त्रीचा २८ घास मानला आहे, आणि त्याहून कमी खाणं हे अवमौदर्य तप. ऑपरेशननंतर माझं जेवण आठ-दहा घासांचं असेल. त्याला मी तप म्हणणार नाही. जे शरीरानंच थांबवलं ते मनाचं तप कसं? पण थोडक्यात तृप्त व्हायची सवय लागली तर ती मला कमी वाटणार नाही.

पण अडचणी खऱ्या आहेत. पहिले काही महिने एकाशन शक्य नाही, कारण एका बैठकीत पोटात फारसं मावतच नाही आणि चार-पाच वेळा थोडं थोडं खावं लागतं. निर्जळ उपवास तर धोक्याचाच, शरीरातलं पाणी पटकन कमी होतं. माझा सूर्यास्तानंतर चारही आहारांचा त्याग आहे. हिवाळ्यात पावणेसहाला सूर्य मावळतो. तोवर घोटाघोटानं दीड-दोन लिटर पाणी पोटात जायला हवं, आणि नाही गेलं तर? मी लपवाछपवी केली नाही. ऑपरेशनची तारीख घेण्याआधी चातुर्मासासाठी आलेल्या माताजींपुढे जाऊन बसले आणि सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाल्या, नियम मोडून मग प्रायश्चित्त घेण्यापेक्षा आधीच मर्यादा घालून घे. सहा महिने रात्रीच्या पाण्याची आणि औषधाची सूट, अन्नाची नाही. सोळाकारण भावनांत शक्तितस्त्याग आणि शक्तितस्तप ही नावं आपण दरवर्षी म्हणतो. शक्ती बघून त्याग, शक्ती बघून तप. त्या शब्दाचा अर्थ मला त्या दिवशी लागला.

डॉक्टरांना विचारायच्या दोन गोष्टीही सांगून ठेवते, कारण मला त्या कुणी आपणहून सांगितल्या नाहीत. जीवनसत्त्वांच्या पुष्कळ कॅप्सूलचं वेष्टण जिलेटिनचं असतं, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्याचं. गोळी किंवा शाकाहारी कॅप्सूल मागा, मिळते. दुसरं, ऑपरेशननंतर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून जे हेपारिनचं इंजेक्शन देतात ते डुकराच्या आतड्यापासून बनतं. फोंडापॅरिनक्स नावाचं कृत्रिम औषधही असतं. ते तुम्हाला चालेल का हे डॉक्टर ठरवतील, पण विचारायला लाजू नका. आणि चालणार नसेल तर हट्टही करू नका. गुठळी फुप्फुसात गेली तर जीव जातो.

धोका आहेच. टाक्यातून गळती, रक्तस्राव, गुठळी, पुढे पित्ताचे खडे, छातीत जळजळ. मृत्यूचं प्रमाण अनुभवी हातात हजारात एखाद-दोन इतकं सांगतात. शेजारच्या काकूंनी लगेच आठवण करून दिली, "ती इजिप्तची पोरगी वारली ना?" इमान अहमद. २०१७ मध्ये तिला मुंबईला आणलं, वजन ५०० किलोच्या आसपास, स्लीव्हच केली, आणि त्याच सप्टेंबरात ती अबुधाबीत गेली. पण ती लहानपणापासून अंथरुणाला खिळलेली होती आणि गेली ती हृदय आणि मूत्रपिंडाच्या आजारानं. भीती वाटली की मी दुसरी गोष्ट आठवते. स्वीडनमध्ये १९८७ पासून चार हजारांवर जाड माणसांकडे वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं, अर्ध्यांचं ऑपरेशन झालेलं आणि अर्ध्यांचं नाही. ऑपरेशन झालेल्यांत मृत्यू कमी झाले. काही न करता बसणं हाही धोकाच आहे, फक्त तो हळू चालतो.

काहीजणी विचारतील, आता इंजेक्शनं आलीत ना? २०२५ पासून आपल्याकडे मिळतात आणि कामही करतात. पण बंद केली की बहुतेकांचं वजन परत चढतं, आणि दर महिन्याचा खर्च आमच्या घराला झेपणारा नाही. ऑपरेशनचा खर्च आम्हाला तीन लाखांच्या पुढे सांगितलाय. आरोग्य विमा असेल तर बघा. बीएमआय ४० च्या वर, किंवा ३५ च्या वर आणि सोबत अनियंत्रित मधुमेह, हृदयविकार किंवा झोपेत श्वास अडण्याचा गंभीर त्रास असेल, तर विमा नियामकाच्या नियमांत हे ऑपरेशन बसतं. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीनं दोनदा भागलं की बीएमआय निघतो. माझा ४६ च्या वर आहे. आमची पॉलिसी कच्ची निघाली, म्हणून माझी एफडी मोडली. यांचा सागवानाचा धंदा यंदा मंदा आहे, तरी हे एवढंच म्हणाले, "लाकूड पुढच्या वर्षीबी विकता येईल."

२०११ च्या सप्टेंबरात आपल्या नागपूरच्या नितीन गडकरींनी मुंबईत असंच ऑपरेशन करून घेतलं. तेव्हा ते भाजपचे राष्ट्रीय अध्यक्ष होते. पेपरात बातमी आली, लोकांनी वाचली, मधुमेहासाठी केलं म्हणाले, आणि ते कामाला लागले. त्यांच्या संयमाची चर्चा कुणी केली नाही. पण आपल्यातल्या दोन बायका मला ठाऊक आहेत ज्यांनी हेच ऑपरेशन "पित्ताशयाचं" म्हणून सांगितलं. त्यांना का लपवावं लागलं याचा विचार आपण करायला हवा. एकीचं जेवण लग्नाच्या पंगतीत आग्रहानं वाढून वाढून बायकांनी तिला उलटी होईपर्यंत नेलं. तिला सांगता आलं असतं तर तो आग्रह थांबला असता.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. ज्यांचं वजन आजार होऊन बसलंय त्यांनी ऑपरेशन करावंच असं मी म्हणत नाही. ते डॉक्टर आणि तुम्ही ठरवा. पण "माझ्यात संयम नाही" या लाजेपोटी वर्षं घालवू नका, आणि दुसरीला ती लाज देऊ नका. कुणाच्या ताटाकडे बघून तिच्या मनाचा हिशोब मांडणं हाही परिग्रहच आहे, आपल्या मतांचा.

आणि हो. उन्हाळ्यात कुणाच्या घरच्या लग्नात आपण भेटलो आणि माझ्या ताटात अर्धी वाटी वरण आणि पनीरचे दोन तुकडे दिसले, तर आग्रह करू नका. शेजारी बसून सावकाश जेवा. मी सगळ्यांच्या शेवटी उठेन.

जय जिनेंद्र.