परदेशीचे पहिले दिवस आणि मुळशीचे तारण

सेनापती बापटांचे नाव मुळशी तालुक्यात घेतले जाते ते सत्याग्रहासाठी. परंतु त्या सत्याग्रहाच्या सतरा वर्षे आधी, १९०४ साली, पांडुरंग महादेव बापट हे पारनेरचे एक हुशार विद्यार्थी म्हणून एडिंबरोला यंत्रशास्त्र शिकण्यासाठी गेले होते, हे आज फारसे सांगितले जात नाही. घरची परिस्थिती सामान्य. गेले ते मंगळदास नथुभाई शिष्यवृत्तीच्या बळावर. तेथे यंत्रांबरोबरच त्यांनी ब्रिटिश राजवटीचाही अभ्यास केला, तिच्याविरुद्ध जाहीरपणे बोलले व लिहिले, आणि त्यापायी शिष्यवृत्ती गमावली. १९०८ साली ते मायदेशी परतले ते इंजिनियर म्हणून नव्हे, क्रांतिकारक म्हणून.

१६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मुळशीत सत्याग्रहाला प्रारंभ झाला. टाटांच्या वीज कंपनीला नीला-मुळेच्या संगमावर धरण हवे होते. घाटमाथ्याचे पाणी कोकणात भिऱ्याकडे सोडून निर्माण होणारी वीज मुंबईला जाणार होती आणि मावळ्यांची भातखाचरे पाण्याखाली जाणार होती. सरकारने १८९४ चा भूसंपादन कायदा कंपनीच्या दिमतीला दिला. 'जान किंवा जमीन' या घोषणेमागे विनायकराव भुस्कुटे आणि बापट उभे राहिले. धरण थांबले नाही. बापटांना मात्र दीर्घ तुरुंगवास घडला. परक्यांच्या पैशाने यंत्रविद्या शिकायला गेलेला हा माणूस, यंत्र कोणाच्या जमिनीवर उभे राहते आणि त्याचा लाभ कोणाच्या पदरात पडतो, हा प्रश्न घेऊन परत आला, हीच त्या शिक्षणाची खरी फलश्रुती होय.

परक्या शहरातील विद्यार्थ्याचे पहिले दिवस हा भावनेचा विषय मानला जातो. थंडी, अन्न, भाषा, घरची आठवण, हे सारे खरे आहे. पण या दिवसांच्या बुडाशी अर्थव्यवहार असतो. खोलीची अनामत कोणी भरायची? पहिला हप्ता येईपर्यंत जेवायचे कशावर? ज्याच्या या प्रश्नांना उत्तर आहे तो ग्रंथालयात बसतो. ज्याच्या नाही तो पहिल्याच आठवड्यात हॉटेलातील भांडी घासण्याचे काम शोधू लागतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्कला पोहोचले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी त्यांच्या पाठीशी होती. पहिला मुक्काम लवकरच बदलावा लागला. पुढे नवल भथेना या पारशी मित्राबरोबर त्यांचा निवास झाला आणि ही मैत्री जन्मभर टिकली. ती रक्कम मोठी नव्हती. काटकसर करावी लागेच. पण ती नियमित होती, आणि त्या नियमितपणाच्या आधारावर कोलंबिया विद्यापीठात दिवसाचे कितीतरी तास वाचणारा विद्यार्थी घडला. सावकाराच्या व्याजाची टांगती तलवार डोक्यावर असती तर अर्थशास्त्राबरोबर समाजशास्त्र, इतिहास, मानववंशशास्त्र असे 'बिनकमाईचे' विषय निवडण्याची मुभा त्यांना कोठून मिळाली असती?

आज चित्र पालटले आहे. परदेशी जाणारे बहुसंख्य विद्यार्थी शिष्यवृत्तीवर जात नाहीत. कर्जावर वा घरच्या पैशावर जातात. साडेसात लाख रुपयांपुढील शैक्षणिक कर्जाला बँका सामान्यतः तारण मागतात आणि परदेशी शिक्षण या रकमेत बसत नाही. म्हणजे गुणवत्तेच्या आधी सातबारा तपासला जातो. मुळशीतील ज्या कुटुंबांची जमीन शंभर वर्षांपूर्वी धरणात गेली, त्यांच्या पणतूने तारण म्हणून काय ठेवावे? तळ्याचे पाणी? महाराष्ट्रात प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा पहिला कायदा १९७६ साली झाला. मुळशीचे विस्थापन त्याच्याही अर्धशतक आधीचे. त्याच तालुक्यात लवळ्याच्या टेकडीवर आज खाजगी विद्यापीठे उभी आहेत आणि परदेशांतून विद्यार्थी तेथे शिकायला येतात. ते अवश्य यावेत. मात्र टेकडीच्या पायथ्याच्या मुलाला ती टेकडीही परदेशाइतकीच दूर असेल, तर विकास या शब्दाचा हिशेब पुन्हा मांडावा लागेल.

काहीजण म्हणतील की परदेशी जाणे ही चैन आहे. सरकारने आधी गावची शाळा सुधारावी. शाळा सुधारलीच पाहिजे. पण गरिबांनी शाळेवर समाधान मानावे आणि जगाचे ज्ञान श्रीमंतांनी आणावे, ही विभागणी समाजवाद्यांना मान्य होणे शक्य नाही. बाहेरचे जग कोणाच्या नजरेतून पाहिले जाते यावर देशाचे धोरण ठरते.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने अनुसूचित जातींच्या ७५ विद्यार्थ्यांसाठी परदेशी शिक्षणाची शासकीय योजना आहे. अशा सर्व योजनांचा पहिला हप्ता विद्यार्थी विमानात बसण्यापूर्वी त्याच्या हाती पडला पाहिजे. उशिरा आलेली शिष्यवृत्ती म्हणजे कर्जच होय. जागांची संख्या वाढली पाहिजे. आणि १९७६ पूर्वीच्या प्रकल्पग्रस्तांच्या वारसांसाठी, ज्या प्रकल्पांनी त्यांची जमीन घेतली त्यांच्या उत्पन्नातून, उच्च शिक्षणाचा स्वतंत्र निधी उभा राहिला पाहिजे. शंभर वर्षे वीज विकली जाते. तिच्या उत्पन्नातील एक वाटा शिक्षणाला मागणे ही भीक नव्हे, थकबाकीची वसुली आहे.

कार्यकर्त्यांनी ठरावावर थांबू नये. पौड आणि परिसरातील महाविद्यालयांत जाऊन या योजनांचे अर्ज भरून घ्यावेत, दाखल्यांसाठी तहसील कार्यालयात विद्यार्थ्याबरोबर उभे राहावे. बापटांना परदेशी पाठवणारी शिष्यवृत्ती एका दानशूराच्या मर्जीची होती, आणि राज्यकर्त्यांना न रुचणारे बोलताच ती गेली. लोकशाहीत ती हक्काची असली पाहिजे, म्हणजे परक्या शहरात पहिले पाऊल टाकणारा मुळशीचा मुलगा किंवा मुलगी निर्भयपणे शिकू शकेल आणि निर्भयपणे बोलूही शकेल.