पाट्यांना चमक कशाला?

गेल्या दिवाळीआधी बाबांच्या १९७८च्या पद्मिनी गाडीच्या मागच्या स्प्रिंगचे पाटे गॅरेजमधून परत आले आणि मला ते ओळखूच येईनात. काळेकुळीत, गुळगुळीत, तोंड दिसेल इतके चकचकीत. ‘पावडर कोटिंग करून घेतलंय ताई, आता गंजाचं नाव नाही,’ मिस्त्री कौतुकानं म्हणाले. त्यांचा हेतू चांगलाच होता. मला मात्र भरून आलं.

कारण पाटे सुटे करताना मी तिथं होते. ते कधीच बदललेले नव्हते. बाबांच्या वहीत गाडीच्या प्रत्येक दुरुस्तीची नोंद आहे. पाटे एकत्र धरणाऱ्या क्लिपखाली, जिथं चिखल पोचला नव्हता, तिथं निळसर काळा थर दिसत होता. तो रंग नव्हे. पाटा भट्टीत लाल करून तेलात विझवतात, मग ठिसूळपणा जावा म्हणून पुन्हा मंद तापवतात. त्या आचेत पोलादावर बसलेला हा ऑक्साइड. त्यावर काळ्या रंगाचा एक पातळ, बिनचमकीचा हात, बस्स. तीस वर्षं मी हीट ट्रीटमेंटच्या लॅबमध्ये काढली, म्हणून ही खूण पाहताच कळली. मूळ कारखान्याची ती सही होती आणि ती एका दुपारी घासून गेली.

जुन्या गाड्यांच्या मेळाव्यांत परीक्षक खाली वाकून बघतात आणि चमकेला गुण देतात. हे थांबायला हवं. मूळ थर जपणाऱ्याला जास्त गुण मिळायला हवेत.

हा नुसता हौसेचा प्रश्न नाही. कोटिंगच्या भट्टीतल्या दोनशे अंशांनी पोलादाचा कस जात नाही, हे खरं. पण पाटे एकमेकांवर घासतात आणि त्या घर्षणानंच धक्के थोडे शमतात. तिथला कोटिंगचा जाड थर सोलला जातो, त्याच्या कडेला पाणी धरतं आणि गंज आत शिरतो. ग्राइंडरचा आडवा ओरखडा तर तडा जायला आमंत्रणच. सर्वांत घातक क्रोम. मुलामा देताना हायड्रोजन कडक पोलादात शिरतो आणि पाटा एखाद्या दिवशी पूर्वसूचनेशिवाय तुटू शकतो.

पाट्यांची संख्याही गाडीची ओळख असते. शेव्हरोलेनं १९६७च्या कॅमारोला मागं एकेकच पाटा दिला होता; जोरात गाडी काढली की चाकं थडथड उडत, म्हणून १९६८ला ताकदवान मॉडेलांना अनेक पाट्यांचा संच आला. आता १९६७च्या गाडीला कुणी तो संच बसवला, तर गाडी चालेल छान, पण कंपनीनं आधी काय चूक केली होती ते त्या गाडीत उरणार नाही. मुंबईत टॅक्सी म्हणून धावलेल्या पद्मिनीचं मात्र वेगळं. डिकीत सीएनजीची टाकी आल्यावर मागचा भाग बसू नये म्हणून एखाद्या टॅक्सीवाल्यानं जादा पाटा टाकला असेल, तर तो मी काढणार नाही. तो तिच्या कष्टाचा भाग आहे.

म्हणून खोलण्याआधी फोटो काढा. पाटे मोजा, प्रत्येकाची जाडी, लांबी आणि बाक लिहून ठेवा. मग साध्या ब्रशनं माती काढा, पाट्यांमध्ये ग्रॅफाइट ग्रीस द्या आणि थांबा.

आमच्या संचातली एक क्लिप कोटिंगला द्यायची राहून गेली होती. तिच्या आतल्या अंगाला तो निळसर काळा थर अजून आहे. शेजारी पट्टी ठेवून काढलेला तिचा फोटो मी बाबांच्या वहीत, त्यांच्या शेवटच्या नोंदीखाली चिकटवला आहे.