आधी गिऱ्हाईक मोजा!

पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर वर्षातून एकदा माणसांना रस्त्याच्या मधोमध चालता येते. २०२१ पासून ११ डिसेंबरला महापालिका पादचारी दिन साजरा करते आणि नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक एवढा तुकडा वाहनांना बंद ठेवते. हीच व्यवस्था कायमची करू, असे पालिकेने म्हटले रे म्हटले की व्यापारी एका सुरात विचारतात, गिऱ्हाईक गाडी कुठे लावणार? आधी पार्किंग द्या, मग बोला.

सायकल मार्गांचे नशीबही फारसे वेगळे नाही. डिसेंबर २०१७ मध्ये पुणे पालिकेने ८०० किलोमीटरहून लांब सायकल मार्गांचा आराखडा मंजूर केला. त्यातला जो थोडाफार रस्त्यावर उतरला, त्यावर सायकलीखेरीज सगळे काही सापडते. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात २०११ साली सायकल मार्ग झाले. २०२५ मध्ये ते काढून ती जागा मोटारींना द्यायचे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने (एमएमआरडीए) ठरवले. म्हणजे दुकानदारांनी विरोध केला तर मार्ग होत नाही आणि नाही केला तर सरकार स्वतःच उखडते.

उद्या आपल्या परभणीच्या स्टेशन रोडवर सायकलीसाठी चार फुटांचा पट्टा आखायचे ठरले, तर महापालिकेच्या दारात कोणते निवेदन येईल, ते आजच छापून ठेवता येईल. धंदा बसेल, माल उतरवायला जागा उरणार नाही आणि पंचेचाळीस अंशांच्या उन्हात सायकल चालवणार कोण? यातला मालाचा मुद्दा खरा आहे. टेम्पोला सकाळची ठरावीक वेळ न देता नुसतेच पट्टे मारणे हा आपल्या नगरनियोजनाचा आवडता खेळ. उन्हाचे म्हणाल, तर ज्यांना सायकल परवडते आणि दुसरे काही परवडत नाही, ते मे महिन्यातही तीच चालवतात. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात. सायकल शासनाने दिली, पण ती चालवायची कुठून, हे मात्र सांगितलेले नाही. ट्रक आणि गटार यांच्या मधून, असे उत्तर दिसते.

राहिला धंदा. आपल्या बाजारपेठेतले गिऱ्हाईक येते कसे? जिंतूर, पाथरी, पालमकडची माणसे एसटीने येतात, पूर्णा, सेलू, गंगाखेडची रेल्वेने. हातात पिशवी घेऊन पायीच दुकानात शिरतात. लग्नाच्या बस्त्याला जीप येते खरी, पण ती माणसे उतरवून निघून जाते आणि पुढचे चार तास अख्खे कुटुंब गादीवर बसून चहा पीत साड्या उलगडायला लावते. खरी उलाढाल यांची. यांपैकी दुकानापुढे गाडी उभी करून ठेवणारे किती?

इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात २००६ साली सस्ट्रान्स या संस्थेने हाच प्रश्न दुकानदारांना विचारला. शंभरातले ४१ जण मोटारीने येतात, असा त्यांचा अंदाज होता. मग गिऱ्हाइकांनाच विचारले, तेव्हा ते निघाले २२. ब्रिस्टल म्हणजे परभणी नव्हे, तिथे मोटारी आपल्यापेक्षा कितीतरी जास्त. तरीही गल्ल्यावर बसणाऱ्यांचा हिशेब जवळजवळ निम्म्याने चुकला होता. गल्ल्यावरून मोटारवाला ठळक दिसतो, चालत आलेला दिसत नाही, एवढेच त्याचे कारण असावे.

शिवाय दुकानापुढे सकाळी दहाला लागलेली आणि शटर पडेपर्यंत न हललेली दुचाकी कोणाची असते, हे बाजारात सगळ्यांना ठाऊक आहे. एक मालकाची, दोन नोकरांच्या, एक शेजारच्या दुकानदाराची. गिऱ्हाइकाच्या नावाने मागितलेली जागा वापरणारा गिऱ्हाईक नसतोच.

तेव्हा व्यापारी मंडळींना एक विनंती आहे. असा प्रस्ताव कधी आलाच, तर विरोध जरूर करा, तो तुमचा हक्क आहे. फक्त निवेदनाला आठवडी बाजाराच्या एका दिवसाची मोजणी जोडा: किती गिऱ्हाइके चालत आली, किती सायकलवर, किती गाडीवर. आणि त्याच कागदाच्या पाठीवर दिवसभर न हललेल्या गाड्यांच्या मालकांची नावेही लिहून द्या.