घरट्यावरची शिकार

चैत्र लागला कीं शहरांतील सुशिक्षित मंडळींस निसर्गाची आठवण होते. मुलाबाळांसह सहली निघतात. आणि अंड्यांवर बसलेल्या पक्ष्याचें छायाचित्र घेऊन परतणें हें पक्षिप्रेमाचें प्रमाणपत्र समजलें जातें. आमच्या मतें हें प्रेम नव्हे, ही शिकार आहे.

हा केवळ अलंकार नाहीं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीची जी व्याख्या केली आहे, तींत रानपक्ष्यांच्या अंड्यांस वा घरट्यांस उपद्रव देणें हेंही येतें. ‘आम्ही हात कोठें लाविला?’ हा बचाव तेथें लटका पडतो.

जाफराबादेजवळून वाहणाऱ्या पूर्णेच्या कांठचेंच उदाहरण घेऊं. टिटवी घरटें असें बांधीतच नाहीं. उघड्या जमिनीवर, खड्यांमध्यें, बहुधा चार अंडीं घालते. वैशाखांत मराठवाड्याचा पारा चाळिशीपलीकडे जातो. तेव्हां ती अंड्यांवर बसते ती ऊब देण्यासाठीं नव्हे, सावली धरण्यासाठीं. पोटाचीं पिसें पाण्यांत भिजवून आणते व अंडीं गार राखते. छायाचित्रासाठीं तिला भर दुपारीं पाव तास दूर ठेविलें, तर अंड्यांतील जीव होरपळूं शकतो. शिवाय तीं उघडीं पडलेलीं पाहून कावळा टपतो तो वेगळाच. टिटवीनें अंडीं उंचवट्यावर घातलीं कीं पाऊस चांगला, असा ठोकताळा आमचा शेतकरी बांधतो. पण त्यासाठीं अंड्यांपाशीं ठाण मांडावें लागत नाहीं.

कोणी म्हणेल, सलीम अलींनींही १९३० सालीं किहीम येथें सुगरणीचीं घरटीं न्याहाळलींच ना? न्याहाळलीं, परंतु त्यांच्यापुढें प्रश्न होता, आडोशाची योजना होती, आणि एकच नर अनेक घरटीं कां विणतो हें कोडें त्यांतून उलगडलें. हजारों वेळां टिपलेल्या टिटवीचें आणखी एक चित्र ज्ञानांत कोणती भर घालणार?

पक्षी ओरडूं लागला म्हणजे आपण फार जवळ आलों, हा पहिला धडा मुलांस द्यावा. सहलीच्या चालकांनीं घरट्याचा ठावठिकाणा सांगूं नये. नियतकालिकांनीं आणि स्पर्धांनीं अशीं चित्रें साफ नाकारावींत. जें चित्र कोठेंही छापलें जाणार नाहीं, त्यासाठीं भर उन्हांत टिटवीला अंड्यांवरून उठविण्यास फारसें कोणी जाणार नाहीं.