अवशेष कोणाचा, भाषा कोणाची?

एखाद्या बोलीला ‘अवशेष’ म्हणणे हे वर्णन नसून निवाडा असतो. तो भाषाशास्त्राच्या नावावर दिला जात असला, तरी त्यामागील गृहीतके साहित्यविचाराची असतात. इराणमध्ये कझवीनच्या दक्षिणेस, बुईन झहरा परिसरात असलेल्या इब्राहीमाबाद या ताती बोलणाऱ्या खेड्याचे उदाहरण या दृष्टीने तपासण्याजोगे आहे.

मुळात ‘तात’ हे नावच परक्याचे आहे. तुर्की भाषकांनी इराणी भाषा बोलणाऱ्या स्थायिक लोकांना ते दिले. कॉकेशसमधील ‘तात’ ही फारसीला जवळची, वेगळी भाषा. इब्राहीमाबादची ताती वायव्य इराणी शाखेची. एकाच नावाखाली दोन भिन्न भाषा नांदतात, याचा अर्थ ते नाव भाषेविषयी फारसे काही सांगत नाही; नाव देणाऱ्याच्या नजरेविषयी मात्र सांगते.

ही नजर पुढे विद्वत्तेतही उतरली. १९२०च्या दशकात अहमद कसरवी यांनी अझरबैजानची तुर्कीपूर्व भाषा इराणी कुळातील होती, असे प्रतिपादन केले. त्या वादात ताती बोलींना महत्त्व आले ते साक्षीपुराव्याचे. १९५८ मध्ये जलाल आल-ए-अहमद यांनी सगझाबाद व इब्राहीमाबाद यांवर पुस्तक लिहिले. ते फारसीत, फारसी वाचकासाठी. १९६९ मध्ये एहसान यार्शातेर यांचे दक्षिण ताती बोलींचे व्याकरण इंग्रजीत प्रसिद्ध झाले. या ग्रंथांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. यार्शातेरांवाचून या बोलींची रूपेच अभ्यासकांना उपलब्ध झाली नसती. परंतु या साऱ्या व्यूहात इब्राहीमाबादचा भाषक माहिती पुरवतो, अर्थ मात्र दुसरेच कोणी लावते.

दक्षिण ताती बोलींनी व्याकरणिक लिंग राखले आहे. प्रमाण फारसीने ते केव्हाच टाकले. भूतकाळी सकर्मक रचनेत या बोलींतील कर्ता विकारी रूपात येतो. मराठी वाचकाला ही रचना अपरिचित नाही. ‘तिने भाकरी खाल्ली’ या वाक्यामागेही जुनी कृदन्त रचनाच आहे. तथापि मराठीतील या प्रयोगाला प्राकृताचा अवशेष म्हणून काचेच्या कपाटात ठेवण्याचे कोणाच्या मनात येत नाही. एकाच प्रकारची प्राचीनता एका भाषेत जिवंत व्याकरण ठरते आणि दुसऱ्या भाषेत जीवाश्म. हा भेद व्याकरणाचा नव्हे, प्रतिष्ठेचा आहे.

यावर आक्षेप ठरलेला आहे: ज्या बोलीत लिखित साहित्य नाही, तिच्याविषयी समीक्षेने काय बोलावे? हा आक्षेप मराठीत तरी टिकू नये. बहिणाबाई चौधरींची गाणी १९५२ मध्ये ग्रंथरूपाने आली. तोवर ती लेवा बोलीत, निरक्षर स्त्रीच्या ओठांवर होती. छपाईने त्यांना वाचक दिले, काव्यत्व दिले नाही. ‘साहित्य नाही’ हे विधान पुष्कळदा ‘ऐकणारा समीक्षक नाही’ या विधानाचे सभ्य रूप असते.

आणि या सभ्यतेची किंमत भाषकांना मोजावी लागते. इराणच्या १९७९च्या संविधानातील पंधरावे कलम फारसीबरोबरच प्रादेशिक व वांशिक भाषांच्या साहित्याचे शाळेत अध्यापन करण्यास मुभा देते. मुभा साहित्याच्या अध्यापनाला आहे. म्हणजे आधी साहित्य सिद्ध करा, मग शाळेचे दार ठोठवा! साहित्य कशाला म्हणावे हे समीक्षा ठरवीत असल्याने, या दाराची किल्ली काही अंशी तिच्याही हाती आहे. तटस्थतेची सबब तिला उपलब्ध नाही.

१ सप्टेंबर १९६२ च्या रात्री बुईन झहरा परिसरात भूकंप झाला. बारा हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. अशा रात्रीनंतर माणसे जे बोलतात, ज्या शब्दांत मृतांना हाका मारतात, ते कोणत्याही प्राचीन भाषेचा पुरावा म्हणून उच्चारलेले नसते. त्या उच्चाराला साहित्यविचारात स्थान नसेल, तर न्यूनता बोलीची नव्हे, साहित्यविचाराची आहे.