ऑर्किडला पाटाचं पाणी

गेल्या वर्षी कॉलेजच्या एका स्पर्धेत बक्षीस म्हणून कुंडीतलं ऑर्किड मिळालं. पांढरीशुभ्र सात फुलं. एसटीत मांडीवर धरून पुण्याहून शेळगावला आणलं. दोन महिने फुलं टिकली, मग गळाली आणि पुढच्या महिन्याभरात झाडच गेलं. मारेकरी घरातलेच. पानं मलूल दिसली की आज्जी तांब्याभर पाणी ओतायची. तिचं बघून पप्पा, पप्पांचं बघून मी. ‘तहानलंय गं ते,’ आज्जी म्हणायची. कुंडी उपटली तेव्हा कळलं, मुळांचा काळा चिखल झाला होता. मुळंच सडली तर पाणी वर जाणार कसं? म्हणून पानं मलूल, आणि पानं मलूल म्हणून आम्ही आणखी पाणी!

हे फॅलेनॉप्सिस, म्हणजे मॉथ ऑर्किड. ‘पतंगासारखं दिसणारं’ अशा अर्थाचं हे ग्रीक नाव ब्लूम या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२५ मध्ये दिलं. आग्नेय आशियातल्या जंगलात ते मातीत नाही, झाडांच्या फांद्यांवर वाढतं. आपल्या सह्याद्रीत झाडांवर लोंबणारी सीतेची वेणी याच कुळातली. पाऊस आला की मुळं भिजतात, वारा सुटला की वाळतात. या मुळांवर स्पंजासारखं आवरण असतं. ओलं असलं की हिरवं, सुकलं की चंदेरी. पाणी कधी हवं ते झाडच सांगतं, आपण बघत नाही.

आता खरं बोलायचं तर, हा दोष एकट्या आज्जीचा नाही. आमच्या अख्ख्या बारामती-इंदापूर पट्ट्याचा हा स्वभाव आहे. नीरा डावा कालवा आला, ऊस आला आणि वाफा तुडुंब भरल्याशिवाय समाधान होईना. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे तेव्हाचे प्राचार्य हॅरोल्ड मान यांनी १९१० मध्येच नीरा खोऱ्यातल्या खारट जमिनींवर सहकाऱ्यासोबत पुस्तिका लिहिली होती. पाणी भरपूर आणि निचरा नाही, मग खालचे क्षार वर येणारच. शंभर वर्षं उलटली, ठिबक आलं, तरी पाटाने पाणी सोडलं की काम झाल्यासारखं वाटतं. माझ्या कुंडीत जे झालं तेच, फक्त एकरांमध्ये.

दुसरं ऑर्किड मी स्वतःच्या पैशांनी आणलं. भोकं असलेल्या पारदर्शक प्लास्टिकच्या कुंडीत कोळसा, झाडाची साल आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे. माती चिमूटभरही नाही. जागा पूर्वेची खिडकी, कोवळं ऊन चालतं, दुपारचं नाही. मुळं चंदेरी झाली की कुंडी पाण्यात बुडवायची, पूर्ण निथळू द्यायची. उन्हाळ्यात तीन-चार दिवसांनी, पावसाळ्यात कधी दहा दिवसही लागत नाही. पानांच्या मधोमध पाणी साचू द्यायचं नाही. आमच्या बोअरचं पाणी मचूळ, म्हणून पत्र्यावरचं पावसाचं पाणी ड्रममध्ये साठवलं (आख्खी गल्ली हसली). मे महिन्यात कुंडीखाली ओल्या खड्यांचा ट्रे ठेवला. दिवाळीनंतर रात्री गार झाल्या, तेव्हा पानाखालून फुलांची दांडी निघाली. रात्रीचा गारवाच तिला हवा असतो.

म्हणून माझं एक म्हणणं आहे. हल्ली सत्कारात पुष्पगुच्छाऐवजी रोप देण्याची टूम आहे. चांगलंय, पण ऑर्किड देताय तर सोबत ‘रोज पाणी घालू नका’ अशी चिठ्ठी द्या. आणि फुलं गळाली म्हणून कुंडी उकिरड्यावर टाकू नका. ते झाड मेलेलं नसतं.

आज्जी आता चष्मा लावून मुळांचा रंग बघते, मगच तांब्या उचलते. त्या जोशात मी पप्पांना विचारलं, ‘उसाला पाणी सोडण्याआधी तुम्ही पण माती बघत जा ना!’

‘लाईट येते रात्री दोनला,’ पप्पा म्हणाले. ‘तेव्हा माती बघत बसू का मोटर चालू करू?’